शंभर केचा कंट्रोल

काकांच्या उधारीच्या वहीत एक पान माझ्या नावाचं होतं. ते मी पाहिलं २००९ साली, काका गेल्यावर, काकूंनी दुकानातलं सामान घरी आणून आवरायला घेतलं तेव्हा. पानावर १९९८ सालच्या आठ-दहा नोंदी. आयसी दोन नग, ट्रान्सफॉर्मर एक, पत्र्याचे डबे दोन, आरसीए पिना आठ, असं. प्रत्येकीपुढे रक्कम आणि रकमेवर आडवी रेघ. रेघ म्हणजे पैसे पोचले. शेवटची ओळ 'मजुरी'. तिच्यापुढे रक्कमही नव्हती आणि रेघही नव्हती.

मी जन्मभर बँकेत नोकरी केली. रिकामा रकाना मला बघवत नाही.

काकांचं दुकान बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका बोळात, जिन्याखाली होतं. पाटी नाही. 'रेडिओवाले काका' म्हटलं की आसपासचे सुट्या भागांचे दुकानदार मान न वळवता बोट दाखवत. काका मूळचे मिरजेचे. लहानपण सतारमेकरांच्या शेजारात गेलेलं, त्यामुळे भोपळे, लाख आणि तारा यांच्या वासा-आवाजात वाढलेले. पुढे व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसला, मग ट्रान्झिस्टर, मग टेपरेकॉर्डर. टीव्ही त्यांनी कधी दुरुस्तीला घेतला नाही. का, विचारलं तर म्हणायचे, "त्याला बघायला लागतं."

१९९६ साली माझ्याकडे जे काही होतं त्याला 'सिस्टिम' म्हणायची मला हौस होती. एक वापरलेला जपानी कॅसेट डेक, मावसभावानं अमेरिकेतून आणलेला सीडी प्लेअर, इथेच कुणाकडून तरी जुळवून घेतलेला पॉवर ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक प्रीॲम्प्लिफायर, तोही जुळवलेलाच. त्याला बास, ट्रेबल, लाउडनेस, दोन माइकची भोकं आणि एक हिरवा दिवा. गाणं थांबलं की स्पीकरमधून स्टोव्ह पेटवून ठेवल्यासारखा आवाज यायचा आणि त्याखाली ट्रान्सफॉर्मरचा घूंऽऽ. मी रात्री उशिरा, आवाज लहान करून ऐकणारा माणूस. दोन आलापांच्या मधल्या शांततेत तो स्टोव्ह माझ्या डोक्यात जायचा.

मावसभावानं सीडी प्लेअरबरोबर मासिकांचा एक गठ्ठाही आणला होता. ती मी परीक्षेला बसल्यासारखी वाचली. त्यांचा धर्म एका वाक्यात सांगता येत होता. सिग्नलच्या वाटेत जितकं कमी तितकं चांगलं. टोन कंट्रोल हे पाप. आणि प्रीॲम्प? तो तर जुन्या काळाचा अवशेष.

यातलं शेवटचं अगदीच चूक नव्हतं, हे आजही मान्य करावं लागेल. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून निघतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना बास दाबलेला आणि ट्रेबल उचललेला असतो. १९५४ पासून हळूहळू सगळ्या जगानं त्याची एकच पट्टी मान्य केली, आणि ती ऐकताना उलटी फिरवावी लागते. अशा नाजूक पाहुण्यासाठी उचलून घेणारा कुणीतरी मधे हवाच. ट्यूनर, कॅसेट डेक यांची पातळी त्याहून बरी, पण अर्ध्या व्होल्टाच्या अलीकडचीच. मग १९८२ साली सीडी आली, ती थेट दोन व्होल्ट घेऊन. बहुतेक पॉवर ॲम्प्लिफायरना पूर्ण ताकदीनं वाजायला व्होल्टभर किंवा त्याहूनही कमी पुरतं. म्हणजे आधी आवाज प्रीॲम्पमध्ये वाढवायचा आणि मग तोच व्हॉल्यूमच्या कळीनं दाबायचा, असला उद्योग चाललेला. वरच्या टाकीत पाणी भरपूर असेल तर खाली पंप कशाला, नळ पुरे. हा नुसता नळ म्हणजे पॅसिव्ह प्रीॲम्प. एक डबा, मागे चार पिना, आत एक दुहेरी व्हॉल्यूम कंट्रोल. वीज नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणून खरखर नाही की घूं नाही.

मी कंट्रोल घ्यायला काकांकडे गेलो. खरं तर घ्यायला कमी आणि प्रवचन द्यायला जास्त. काकांनी हातातली तार कापायची कैची बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आधी काय लावणार? पुढे काय आहे? आणि मधे वायर किती?"

"त्याचा काय संबंध, काका? नुसता कंट्रोल तर आहे."

"बरं. किती केचा देऊ?"

"शंभर के."

"दहाचा घे की."

मी त्यांना समजावलं. दहा केचा म्हणजे दहा हजार ओहम, डेकवर तेवढा जास्त भार. शंभरचा म्हणजे भार एक-दशांश, डेक निवांत. हे मी मासिकात वाचलं होतं आणि ते अर्धं खरं होतं. काकांनी ड्रॉवर उघडला, कागदात गुंडाळलेला एक दुहेरी, लॉग, जपानी कंट्रोल काढला, माझ्यासमोर मीटरवर दोन्ही बाजू सारख्या चालतात का ते तपासलं आणि दिला. साडेतीनशे रुपये, त्या वेळच्या माझ्या पगाराला चिमटा काढणारे. वर एवढंच म्हणाले, "जमलं नाही तर परत आण. कंट्रोल चांगला आहे."

माझ्या घरात कपाटं एका भिंतीला आणि स्पीकर समोरच्या खिडकीखाली. पॉवर ॲम्प जड, तापणारा, म्हणून तोही खिडकीजवळ. मासिकांत लिहिलं होतं की स्पीकरच्या तारा आखूड ठेवाव्यात. तेव्हा डेक, सीडी आणि माझा नवा डबा कपाटात, आणि तिथून दाराच्या चौकटीवरून फिरवून नेलेली आठ मीटर शिल्ड वायर. स्वस्तातली, माइकला वापरतात तसली.

पहिल्या रात्री सीडी लावली. स्टोव्ह विझलेला. घूं नाही. कान स्पीकरला चिकटवला तरी काही नाही. मी पुढचे चार-पाच महिने भेटेल त्याला पॅसिव्हचं माहात्म्य सांगत होतो. सीडी स्वच्छ, आणि कॅसेट तर काय मऊ, काय गोड! माझ्या खोलीत शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती, आवाज टोचरा वाटायचा. आता कॅसेटवरचं गाणं उशीवर डोकं ठेवल्यासारखं येत होतं. 'ॲनालॉगची ऊब' असा एक शब्दप्रयोग मी त्या दिवसांत बराच वापरला. लाज वाटते.

ऊब मोडली आईनं. आई तरुणपणी थोडं गाणं शिकलेली, पुढे संसारात ते राहिलं. एका दुपारी किशोरीताईंची कॅसेट लावली होती. ती निवडत असलेल्या पालेभाजीवरून मान वर न करता म्हणाली, "तंबोऱ्याचं सूत सरकलंय वाटतं यांच्या."

"म्हणजे?"

"झंकार नाही. बद्द वाजतोय."

मी सांगितलं की कॅसेट जुनी झाली आहे. तिनं ते मानलं. पण मी त्या रात्री तीच कॅसेट हेडफोनवर, थेट डेकमध्ये लावून ऐकली. तंबोरा जिवंत होता. चार तारांचं ते एकमेकांत मिसळलेलं रुपेरी धुकं हेडफोनमध्ये होतं आणि खोलीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर मी बुधवार पेठेत.

काका रविवारी घरी आले. येताना पिशवीत मीटर, एक छोटं स्टूल आणि काकूंनी दिलेली शेव. स्टूल कशाला, तर त्यांना जमिनीवर बसवत नसे. ते स्टूल त्यांनी दोन स्पीकरच्या समोर न ठेवता माझ्या समोर ठेवलं. मी खुर्चीत, ते माझ्याकडे तोंड करून.

"कॅसेट लावतोस तेव्हा कळ कुठे असते?"

"तीनच्या काट्यावर."

"आणि सीडीला?"

"बाराच्या आसपास."

"मग सीडीची तक्रार नाहीच तुझी," ते म्हणाले, जणू मी आधीच सांगितलं होतं. माझ्या डेकला पुढच्या बाजूला आउटपुट लेव्हलची छोटी कळ होती. काकांनी ती अगदी कमी केली आणि माझ्या डब्याची कळ पूर्ण उघडली. आवाज एकूण तेवढाच राहिला. "आता सांग. तार ऐकू येते?"

येत होती. तंबोरा परत आला होता. मग त्यांनी डेकची कळ वाढवून डब्याची तीनच्या काट्यावर आणली. आवाज तेवढाच. "आता?" गेला. परत पूर्ण उघडली. "आता?" आला. असं सहा-सात वेळा. त्यांचं लक्ष स्पीकरकडे नव्हतंच, माझ्या तोंडाकडे होतं. शिकवण्याची ही त्यांची पद्धत असावी, असं मला तेव्हा वाटलं, आणि मी प्रत्येक वेळी हुशार मुलासारखा उत्तर देत गेलो.

मग कॅसेटच्या खोक्याच्या पाठीवर गणित मांडलं. व्हॉल्यूम कंट्रोल म्हणजे एका रेझिस्टन्सवर फिरणारं बोट. बोट अगदी वर असेल तर पुढच्याला थेट डेक दिसतो. अगदी खाली असेल तर जमीन. मधे असेल तेव्हा दोन्हीकडचा रेझिस्टन्स आडवा येतो, आणि सिग्नल निम्मा होतो त्या जागी तो अडथळा सर्वांत जास्त असतो, एकूणाच्या एक-चतुर्थांश. शंभर केचा पाव म्हणजे पंचवीस हजार ओहम. लॉग कंट्रोलमध्ये ही निम्म्याची जागा बारावर नसते, तिथे सिग्नल दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. निम्मा होतो तो कळ बरीच पुढे गेल्यावर. तीनच्या काट्याजवळ.

आता पुढची वायर. शिल्ड वायर म्हणजे आत तार, भोवती जाळी, मधे प्लॅस्टिक, दुसऱ्या शब्दांत आठ मीटर लांबीचा कंडेन्सर. काकांनी मीटर लावून मोजला. मीटरला दीडशे पिकोफॅरड, एकूण बाराशे. कंडेन्सर उंच आवाजांना जमिनीची वाट दाखवतो. मागून पंचवीस हजारांचा अडथळा असेल तर त्यांना तीच वाट सोपी. ॲम्पचे स्वतःचे सत्तेचाळीस हजार हिशेबात धरून आकडा आला आठ हजार हर्ट्झ. त्याच्या वरचं सगळं उतरणीला. सीडीला कळ बारावर, सिग्नल दहावा हिस्सा, तेव्हा हाच आकडा सतरा हजारांच्या पुढे. म्हणून सीडी स्वच्छ आणि कॅसेट 'उबदार'.

"घोडी बघितलीयस ना तंबोऱ्याची?" काका म्हणाले. "तिचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. किंचित उतार असतो. तार त्याला घासत घासत वाजते. खाली सुताचा धागा घालून ती नेमकी कुठे घासावी ते लावायचं. आमच्याकडे लोक एका घोडीवर दिवस दिवस घासत बसायचे. मूळ स्वर सगळ्याच तारांना असतो. जवारी म्हणजे त्याच्या वरचे. पाच हजार, आठ हजार, दहा हजार. तू डब्यात बंद केलास ते तेवढेच."

मी म्हटलं, "म्हणजे पॅसिव्ह वाईट?"

"कोण म्हणालं? दहा केचा लाव आणि बघ."

लावला. दहा केचा पाव अडीच हजार, आकडा छप्पन हजार हर्ट्झपर्यंत चढला. तंबोरा परत. आईनं काही म्हटलं नाही, म्हणजे ठीक होतं. मी त्यावर समाधानी राहिलो असतो. पण घरात आईच्या रेकॉर्डी होत्या आणि त्यांच्यासाठी काकांनीच मला आपल्याकडचा सुईचा सिग्नल उचलणारा एक व्हॉल्व्हचा फोनो वापरायला दिला होता, ईसीसी ८३ वर बांधलेला, साधा, सिग्नल थेट व्हॉल्व्हच्या प्लेटवरून बाहेर. त्याच्या मागचा अडथळाच चाळीस-पन्नास हजारांचा. त्याच्यापुढे दहा के म्हणजे भाकरीच्या चतकोरावर पाच जण. पाचवा-सहावा हिस्सा माझ्या वाट्याला, बाकीचा व्हॉल्व्हच्या आतच संपलेला. कळ पूर्ण उघडूनही रेकॉर्ड शेजारच्या घरात लागल्यासारखी.

आता मात्र काका खूश झाले. डेकला दहा के पाहिजे, फोनोला शंभर के पाहिजे, वायरीला दहाच्याही खालचं पाहिजे. "आता तुला कळलं मी काय विचारत होतो ते," एवढंच म्हणाले.

त्यांनी उदाहरण दिलं गणपतीच्या माइकचं. पूर्वी मंडळाच्या मांडवात हाय इंपीडन्सचे माइक असत. त्यांची वायर चार-पाच मीटरच्या पुढे नेली की भटजी कांबळं पांघरून मंत्र म्हणतायत असं वाटायचं. पुढे दोनशे ओहमचे माइक आले. रमणबागेत सवाई गंधर्वला स्टेजवरून मिक्सरपर्यंत केवढी लांब वायर जाते, तंबोऱ्याची तार मागच्या रांगेत बसून ऐकू येते की नाही? वायर तीच. तिला ढकलणारा खंबीर पाहिजे.

काका स्वतः ॲक्टिव्हचे माणूस. पीटर बॅक्सँडलनं १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये छापलेलं टोन कंट्रोलचं सर्किट त्यांना तोंडपाठ होतं आणि त्याबद्दल ते एखाद्या बंदिशीबद्दल बोलावं तसं बोलत. मी टोन कंट्रोलला पाप म्हणालो होतो तेव्हा त्यांनी फक्त माझ्या फरशीकडे पाहिलं होतं. त्यांनी ठरवलं असतं तर मला त्यांच्या आवडीचा, बास-ट्रेबलवाला, जाडजूड प्रीॲम्प बांधून देता आला असता आणि मी त्या क्षणी नाही म्हणालो नसतो. तसं त्यांनी केलं नाही. माझा हट्ट स्टोव्हच्या विरुद्ध होता, वाटेत कमी गोष्टी असाव्यात असा होता, तो त्यांनी प्रामाणिक धरला आणि त्याच्या बाजूनं विचार केला. हे मला फार उशिरा उमगलं. मतभेद असलेल्या माणसाच्या मताला त्याच्यापेक्षा जास्त नीट समजून घेणं मी पुढे बँकेतही फारसं कुणात पाहिलं नाही.

तीन आठवड्यांत डबा तयार झाला. आत पन्नास केचा कंट्रोल, फोनोच्या बाजूला किंचित झुकतं माप देऊन निवडलेला. त्याच्या बोटापासून अवघ्या दोन इंचांवर ५५३२ नावाची आयसी. काही न वाढवणारी, नुसती पाठीशी उभी राहणारी. जेवढा व्होल्ट आत तेवढाच बाहेर, फक्त बाहेर ढकलताना मागचा अडथळा शून्याजवळ. तिच्या पायाशी शंभर ओहमचा एक रेझिस्टन्स, कारण लांब वायरचा कंडेन्सर थेट पुढ्यात आला की असल्या आयसी कधी कधी बिथरून स्वतःच थरथरू लागतात. एक खटका, वर केला की तिप्पट, कॅसेट आणि रेकॉर्डीसाठी. खाली केला की एकास एक, सीडीसाठी. ट्रान्सफॉर्मर मात्र वेगळ्या डब्यात, दीड मीटर लांब, कपाटाच्या तळाशी. माझ्या जुन्या प्रीॲम्पची घूं येत होती ती ट्रान्सफॉर्मर नाजूक भागाच्या मांडीवर बसवल्यामुळे, आणि खरखर येत होती ती गरज नसताना प्रत्येक गोष्ट आधी वीस पट करून मग दाबल्यामुळे. ॲक्टिव्ह असल्याचा तो दोष नव्हताच.

"याला पॅसिव्ह म्हणायचं की ॲक्टिव्ह?" मी विचारलं.

"लाइटबिल येतं, म्हणजे ॲक्टिव्ह," काका म्हणाले.

पुढे काही वर्षांनी अमेरिकेतल्या नेल्सन पास या नावाजलेल्या डिझायनरनं अगदी याच विचाराचा, व्होल्ट न वाढवणारा, नुसता पाठीशी उभा राहणारा बफर असलेला 'बी १' प्रीॲम्प सगळ्यांना घरी बांधता येईल असा उघड करून टाकला. मी त्याचं सर्किट छापून काकांकडे घेऊन गेलो. आयसीऐवजी त्यात सुटे एफईटी होते. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "नीटनेटकं काम आहे." बस. आपण आधी केलं वगैरे नाही. कारण आधी केल्याचा मान दोघांपैकी कुणाचाच नव्हता. असा बफर व्हॉल्व्हच्या काळापासून लोक लावत आलेले. तेही त्यांनीच मला सांगितलं.

डबा दिला त्या संध्याकाळी मजुरीचं विचारलं तर काका म्हणाले, "सामानाचे दिलेस ना." मी आग्रह केला. "मजुरी वहीत मांडतो, मग बघू." मी दर दिवाळीला विचारत राहिलो. दर दिवाळीला तेच उत्तर.

तर २००९. काकू कपाट आवरत होत्या, मी वही धरून बसलो होतो. मी म्हटलं, "काकू, या ओळीचं काय करायचं? त्यांनी आकडा लिहिलाच नाही." त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं. "अठ्ठ्याण्णव? तुमच्या घरी आले होते ते, तंबोऱ्याच्या वेळी?" आणि मग सहज, पितळी डबे पुसता पुसता, "त्या दिवशी खूप खूश होऊन आले. म्हणाले, पोराला बारीक ऐकू येतं, नेमकं सांगतो."

"त्यांनाही ऐकू येत होतंच की."

"छे हो. त्यांना कुठलं? त्याच्या तीन-चार वर्षं आधी मिरजेला गेलो होतो, पावसाळ्यात. रात्री मला म्हणतात, यंदा रातकिडे गेले कुठे? अंगणात नुसता गलका चाललेला. मग डॉक्टरांनी तपासलं. खालचं सगळं येतंय म्हणाले, वरचं गेलंय. वयानं जातं म्हणे. गिऱ्हाइकांना सांगू नकोस म्हणाले मला. रेडिओवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण येणार?"

रातकिडे चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास किरकिरतात. जवारी त्याच्याही वर जाते.

मी स्टूल आठवलं. माझ्याकडे तोंड करून ठेवलेलं. "आता? आता?" करत सहा-सात वेळा फिरवलेली कळ. मी उत्तर देतोय आणि ते माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी मनात टिपतायत. त्यांच्यासाठी कळीच्या दोन्ही जागा सारख्याच वाजत होत्या. तंबोरा दोन्ही वेळा बद्दच. तरी तीनच्या काट्यावर जातो आणि पूर्ण उघडल्यावर येतो, एवढ्या माझ्या दोन शब्दांवरून त्यांनी पंचवीस हजार ओहम आणि बाराशे पिकोफॅरड शोधून काढले. आणि जवारीबद्दल जे बोलले, घोडीचा उतार, सुताचा धागा, पाच हजार आणि दहा हजार, ते मिरजेच्या आठवणीतून. शेवटचं ऐकून त्यांना किती वर्षं झाली असतील?

मी काकूंना पैसे देऊ पाहिले. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि कपाटात ठेवली.

आता मी निवृत्त झालो आहे आणि कोथरूडला राहतो. खोली लहान, सगळं एकाच टेबलावर. डिजिटलचं ॲनालॉग करणाऱ्या डॅकमधून दोन व्होल्ट निघतात, ॲम्प अर्ध्या मीटरवर, आणि मधे दहा केचा साधा पॅसिव्ह डबा. काही कमी पडत नाही. कुणी विचारलं तर मी हेच सुचवतो, आणि पुढच्याच माणसाला त्याच्या घरी बफर लावायला सांगतो. दोघंही एकमेकांना भेटले तर माझ्याबद्दल काय बोलतील कुणास ठाऊक. काकांचा डबा आईच्या कॅसेटी आणि रेकॉर्डींसाठी अजून चालू आहे. त्याचा खटका दोनदा बदलला, आयसी एकदाही नाही.

गेल्या वर्षी काकूंकडे गेलो होतो. त्यांनी एक बिस्किटाचा डबा दिला, तुमचंच काहीतरी आहे म्हणाल्या. आत कागदात गुंडाळलेला कंट्रोल. १९९८ साली मी कुरकुरत परत केलेला तो शंभर केचा. काकांनी त्याचे पैसे मला तेव्हाच परत दिले होते, हे मी साफ विसरलो होतो. कागदावर त्यांच्या तिरप्या अक्षरात माझं नाव, तारीख, आणि खाली, '१०० के ड्युअल लॉग. चांगला आहे.'

शंभर केची जागा असते व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या आत. तिथे त्याच्यापुढे मीटरभर वायर नसते, दोन-तीन इंचांवर पुढच्या व्हॉल्व्हची ग्रिड असते आणि ती फारसं काही मागत नाही. आमच्याच इमारतीत एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडे वडिलांचा एक जुना व्हॉल्व्हचा स्टिरिओ ॲम्प होता, व्हॉल्यूमची कळ हलवली की आगगाडी गेल्यासारखा आवाज करणारा. मी तो उघडला, जुना कंट्रोल काढला, हा बसवला. सोल्डर करताना हात थोडा थरथरला, वय आहे. त्यांची नात अकरावीत आहे, गाणं शिकते. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो आणि कळ हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली.

"खरखर आहे कुठे?"

"नाही, आजोबा."

"आणि तंबोरा?"

ती ऐकत राहिली.